सकाळच्या न्याहारीचे गणित

रात्री साडेआठला जेवण झाले. सकाळी सातला शाळा भरते आणि मोठी सुट्टी दहाला होते. न्याहारी न करताच घरातून निघालेल्या मुलाच्या दोन खाण्यांमध्ये किती तासांचे अंतर पडले? साडेतेरा तासांचे. दिवसा आपण एवढा वेळ उपाशी राहत नाही. एकादशीच्या दिवशीसुद्धा अधूनमधून काहीतरी तोंडात टाकतोच. आणि या साडेतेरा तासांपैकी शेवटच्या तीन तासांत बीजगणित, भूमिती, इंग्रजीचे व्याकरण असे सगळे अवघड विषय शिकायचे असतात.

न्याहारी हा खरे तर गृहशास्त्राच्या पुस्तकातला विषय. त्यावर पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जसा वाफेच्या एंजिनाला लागू पडतो, तसाच तो आठवीतल्या मुलालाही लागू पडतो. आपण चालतो, श्वास घेतो, विचार करतो, त्या सर्वांची ऊर्जा अन्नातूनच यावी लागते. तेव्हा या प्रश्नाकडे आज आपण वजनकाटा आणि घड्याळ हाती घेऊन पाहू.

सव्वाशे वॉटचे शरीर

प्रथम मापे ठरवू. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणाऱ्या उष्णतेला एक किलोकॅलरी म्हणतात. आहारशास्त्रात यालाच एक उष्मांक म्हणण्याची पद्धत आहे. एक उष्मांक म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल.

हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली तामिळ प्रदेशातील कुन्नूर येथे एका लहानशा प्रयोगशाळेच्या रूपाने तिची सुरुवात झाली आणि १९५८ साली ती हैदराबादला आली. भारतीयांना रोज कोणते अन्नघटक किती लागतात याचे आकडे ही संस्था वेळोवेळी ठरवून देते. २०२० सालच्या आकड्यांप्रमाणे १३ ते १५ वर्षे वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० आणि मुलाला सुमारे २८६० उष्मांक लागतात.

मुलीचा आकडा घेऊ. २४०० ला ४.२ ने गुणले तर १०,०८० किलोज्यूल होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की उत्तर येते सेकंदाला ११७ ज्यूल, म्हणजेच ११७ वॉट. मुलाच्या बाबतीत हाच आकडा १३९ वॉट येतो. जुन्या पद्धतीचा शंभर वॉटचा दिवा तुम्ही पाहिला असेल. आपले शरीर म्हणजे त्याहून थोडा मोठा, जन्मभर न विझणारा दिवाच आहे असे म्हटले तरी चालेल.

हा दिवा झोपेतही विझत नाही, फक्त मंदावतो. चाळीस किलो वजनाचे मूल स्वस्थ पडून असताना सुमारे ६५ वॉट या दराने ऊर्जा खर्च करते. नऊ तासांच्या झोपेत हा खर्च सुमारे २१०० किलोज्यूल, म्हणजे ५०० उष्मांक होतो. हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, शरीराची ऊब आणि मेंदूचे काम यांसाठी हे सर्व लागते. सकाळी उठतो तेव्हा आपण विश्रांती घेतलेली असते हे खरे, पण फुकट घेतलेली नसते.

हे मोजले कोणी?

सजीवाचे शरीर आणि पेटलेली मेणबत्ती यांच्यातले साम्य प्रथम मोजून दाखवले ते फ्रान्समधील लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते पाहिले. त्या प्राण्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्यांनी या उष्णतेची तुलना केली आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे असा निष्कर्ष काढला.

पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने रोझा या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाच्या मदतीने माणूस आत राहू शकेल एवढा मोठा उष्मामापक तयार केला. ती एक लहानशी बंद खोलीच होती. आतला माणूस काही दिवस तेथेच जेवे, झोपे आणि व्यायाम करी. बाहेरचे शास्त्रज्ञ त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजत. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा आणि शरीरातून बाहेर पडलेली ऊर्जा यांचा हिशेब जुळला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माणसालाही चुकत नाही हे सिद्ध झाले.

याच प्रयोगांतून आपल्याला आजही उपयोगी पडणारे तीन आकडे मिळाले. एक ग्रॅम कर्बोदकांपासून ४, एक ग्रॅम प्रथिनांपासून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ उष्मांक शरीराला मिळतात. प्रथिने प्रयोगशाळेत पूर्ण जाळली तर ग्रॅमला साडेपाचाहून अधिक उष्मांक मिळतात. मात्र शरीर त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकते आणि युरियाबरोबर थोडी ऊर्जाही निघून जाते.

रक्तातली अर्धा चमचा साखर

आता शाळेच्या बाकावर बसलेल्या त्या उपाशी मुलाकडे परत येऊ. त्याच्या मेंदूचे नेहमीचे इंधन म्हणजे ग्लुकोज. हे त्याला रक्तातून मिळते. रक्तात ते असते तरी किती?

शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिलिलिटर रक्त धरले तर चाळीस किलोच्या मुलाच्या अंगात ३ लिटर रक्त होईल. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे असे समजा. मग साऱ्या रक्तातले ग्लुकोज झाले २.७ ग्रॅम. चहाचा अर्धा चमचा, बस्स! त्यातून सुमारे ४२ किलोज्यूल ऊर्जा मिळेल. मेंदू साधारण २० वॉट या दराने ऊर्जा वापरतो. म्हणजे एकट्या मेंदूला हा साठा २१०० सेकंद, अर्थात पस्तीस मिनिटे पुरेल. शाळेचा एक तासही नीट पार पडायचा नाही.

अर्थात तसे होत नाही, कारण रक्तात ग्लुकोजची भर घालण्याचे काम यकृत अखंड करत असते. जेवणानंतर यकृत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा करून ठेवते. प्रौढ माणसात तो सुमारे १०० ग्रॅम असतो. रात्रभर हा साठा खर्ची पडतो आणि सकाळपर्यंत बराच खाली आलेला असतो. येथे मुलांची एक अडचण आहे. त्यांचे यकृत प्रौढापेक्षा लहान असते, मात्र मेंदू जवळजवळ प्रौढाएवढाच मोठा असतो. कोठी लहान आणि खाणारा मोठा, अशी ही स्थिती.

साठा कमी झाला म्हणून मूल लगेच भोवळ येऊन पडते असे नाही. यकृत प्रथिनांच्या घटकांपासून नवे ग्लुकोज बनवते. स्नायू चरबी जाळून काम भागवतात. शरीर फार चिवट असते. परंतु अशा काटकसरीच्या वेळी लक्ष एकाग्र करणे, धीर धरून आकडेमोड करणे ही कामे जड जातात, चिडचिड होते, डोके दुखते. वर्गात जांभया देणारा विद्यार्थी नेहमी आळशीच असतो असे नाही, हे शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे.

जमैकातील संत्र्याची फोड

न्याहारी दिली तर अभ्यासात खरोखर फरक पडतो काय? याची परीक्षा कशी घ्यावी याचा एक चांगला नमुना १९९८ साली प्रसिद्ध झाला. जमैका बेटावरील ग्रामीण शाळांतील ८१४ मुले निवडून त्यांचे दोन गट केले. एका गटाला शाळेत रोज न्याहारी दिली. दुसऱ्या गटाला दिला फक्त पाव संत्र्याचा तुकडा.

हा संत्र्याचा तुकडा कशासाठी? तो फार मोलाचा आहे. काहीच दिले नसते तर पहिल्या गटातली मुले केवळ आपल्याकडे कोणी लक्ष देते या आनंदाने सुधारली, असे म्हणायला जागा राहिली असती. दोन्ही गटांकडे सारखेच लक्ष पुरवले की उरतो तो फरक न्याहारीचा. प्रयोगशाळेत आपण एकच राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो, तेच हे तत्त्व.

वर्षाअखेर न्याहारी मिळालेल्या मुलांची उंची, वजन आणि हजेरी यांत सुधारणा दिसली. लहान इयत्तांतील मुलांची गणितातली प्रगतीही झाली. इतर विषयांत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे न्याहारी ही जादूची कांडी नव्हे. चांगले शिकवणे आणि स्वतः अभ्यास करणे यांना पर्याय नाही. पण मूल शाळेत येते, बसते आणि गणित सोडवते, एवढे जरी न्याहारीने साधत असेल तरी ते थोडे नाही.

किती आणि काय?

दिवसभराच्या गरजेचा चौथा हिस्सा न्याहारीतून मिळावा असे आपण या लेखापुरते धरू. मग १३ ते १५ वर्षांच्या मुलीच्या न्याहारीत ६०० उष्मांक, ११ ग्रॅम प्रथिने आणि २५० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे. मुलाला प्रथिने आणि कॅल्शियम जवळपास तेवढेच आणि उष्मांक ७०० हवेत. आता राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांवरून तीन घरांतल्या न्याहारीचा हिशेब मांडू. सर्व वजने कच्च्या पदार्थांची आहेत.

पहिली न्याहारी: चहा आणि बिस्किटे

चहातले गाईचे दूध ५० ग्रॅम: ३३ उष्मांक, प्रथिने १.६ ग्रॅम
साखर १० ग्रॅम: ४० उष्मांक, प्रथिने नाहीत
बिस्किटे ४ (२० ग्रॅम): ९० उष्मांक, प्रथिने १.४ ग्रॅम
एकूण: १६३ उष्मांक, प्रथिने ३ ग्रॅम

दुसरी न्याहारी: कांदेपोहे, दूध आणि केळे

पोहे ६० ग्रॅम: २०८ उष्मांक, प्रथिने ४ ग्रॅम
शेंगदाणे २० ग्रॅम: ११३ उष्मांक, प्रथिने ५.१ ग्रॅम
कांदा ५० ग्रॅम: २५ उष्मांक, प्रथिने ०.६ ग्रॅम
तेल ८ ग्रॅम: ७२ उष्मांक, प्रथिने नाहीत
गाईचे दूध १५० ग्रॅम: १०० उष्मांक, प्रथिने ४.८ ग्रॅम
केळे (सोललेले) ७० ग्रॅम: ८१ उष्मांक, प्रथिने ०.८ ग्रॅम
एकूण: ५९९ उष्मांक, प्रथिने १५.३ ग्रॅम

तिसरी न्याहारी: भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही

ज्वारीचे पीठ ८० ग्रॅम: २७९ उष्मांक, प्रथिने ८.३ ग्रॅम
मटकी (कोरडी) ३० ग्रॅम: ९९ उष्मांक, प्रथिने ७.१ ग्रॅम
तेल ५ ग्रॅम: ४५ उष्मांक, प्रथिने नाहीत
शेंगदाणे १५ ग्रॅम: ८५ उष्मांक, प्रथिने ३.८ ग्रॅम
दही १०० ग्रॅम: ६० उष्मांक, प्रथिने ३.१ ग्रॅम
एकूण: ५६८ उष्मांक, प्रथिने २२.३ ग्रॅम

पहिल्या न्याहारीचे १६३ उष्मांक म्हणजे ६८५ किलोज्यूल. ११७ वॉटच्या दिव्याला हे इंधन पावणेदोन तासही पुरत नाही. दुसरी न्याहारी सहा तास पुरते. शिवाय चहा-बिस्किटांतली साखर आणि मैदा लवकर पचून जातात. डाळी, शेंगदाणे आणि कोंड्यासकट धान्य सावकाश पचते, त्यामुळे रक्तात ग्लुकोज हळूहळू उतरत राहते.

आणखी एक गोष्ट पाहा. तिसरी न्याहारी सर्वांत साधी, शेतावर जाणाऱ्या माणसाच्या फडक्यात बांधलेली असावी अशी. प्रथिनांत मात्र तीच सर्वांच्या पुढे आहे. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असते. ते डाळींत भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्यांत मिळते. भाकरी आणि उसळ, इडली आणि सांबार, खिचडी या जोड्यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कोष्टके नसतानाही आपल्या आज्यांनी या जोड्या जमवल्या होत्या.

कॅल्शियमचा हिशेबही करू. दुसऱ्या न्याहारीतल्या दुधातून १८० मिलिग्रॅम मिळाले, तिसरीतल्या दह्यातून सुमारे १५०. थोडे कमीच पडले. ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी घेतली तर? १०० ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ८० ग्रॅम पिठातून २७५ मिलिग्रॅम मिळेल. दूध परवडत नाही त्या घराला नाचणीचा हा मोठाच आधार आहे.

लोहाचा प्रश्न

उष्मांक पुरे पडले म्हणजे आहार संतुलित झाला असे नाही. तराजूला दोनच पारडी असतात, आहाराच्या तराजूला अनेक आहेत. त्यांतले आपल्या देशात सर्वांत हलके राहिलेले पारडे लोहाचे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. वर्गात दहा मुली असतील तर त्यांतल्या जवळजवळ सहा! रक्तातले हिमोग्लोबिन कमी म्हणजे पेशींना प्राणवायूचा पुरवठा कमी. इंधन भरपूर असून हवा न मिळालेली चूल जशी धुमसते, तसे ते शरीर धुमसत राहते.

१३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह हवे, मुलाला २२. म्हणजे येथे मुलीची गरज मुलापेक्षा जास्त आहे. घरात ताट वाढताना नेमके उलट घडत असेल, तर ते या आकड्यांपुढे टिकणारे नाही.

बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या, अळीव यांत लोह असते, पण त्यातला थोडाच भाग शरीरात शोषला जातो. हा भाग वाढवण्याची युक्ती सोपी आहे. क जीवनसत्त्व लोहाला शोषणास योग्य अशा स्वरूपात आणते आणि विद्राव्य ठेवते. पोह्यांवर लिंबू पिळतात ते केवळ चवीसाठी नव्हे. मात्र क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू पातेले चुलीवरून उतरवल्यावर, वाढताना पिळावे. पेरू किंवा आवळ्याची एखादी फोड असेल तर अधिकच चांगले. कडधान्याला मोड आणले की लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व तयार होते.

याउलट चहातील टॅनिन वर्गातली द्रव्ये लोहाला घट्ट धरून ठेवतात. म्हणूनच जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी घेऊ नये, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत दिला आहे. न्याहारीबरोबरच चहा पिणे म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. तरीही ज्यांना सतत थकवा, धाप किंवा फिकटपणा जाणवतो त्यांनी रक्त तपासून घ्यावे. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाच्या योजनेतून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते, ती बाकाखाली टाकून देऊ नये.

सकाळच्या घाईत जमावे कसे?

येथे पुष्कळांची गाडी अडते. आई कामावर निघालेली, नळाचे पाणी जाण्याची वेळ, रिक्षावाला दाराशी उभा. अशा वेळी ६०० उष्मांकांची न्याहारी करणार कोण? यावर चार व्यवहारी उपाय सुचतात.

पहिला, तयारी रात्रीच करावी. मटकी आदल्या दिवशी भिजवून मोड आणलेले असावेत, शेंगदाणे भाजून ठेवलेले असावेत. दुसरा, रात्रीची भाकरी, पोळी किंवा भात नीट झाकून ठेवलेला असेल तर सकाळी फोडणी देऊन दहा मिनिटांत न्याहारी होते. भात मात्र उरल्यावर लवकर गार करून शक्यतो थंड जागी ठेवावा आणि चांगला वाफवून मगच खावा. तिसरा, पहाटे घास उतरत नसेल तर न्याहारीचे दोन भाग करावेत. निघताना दूध आणि केळे, लहान सुट्टीत डब्यातली पोळी-उसळ. चौथा आणि महत्त्वाचा, हे काम एकट्या आईचे समजू नये. तेरा वर्षांच्या मुलाला पोहे भिजवता येतात, तसेच तेरा वर्षांच्या मुलीलाही. प्रयोगशाळेत काचनळी धरता येते त्याला घरात उलथने धरायला काय हरकत आहे?

आणि काही घरांत प्रश्न घाईचा नसतो, डब्यात पीठच नसते. अशा मुलांना घरी नीट खा म्हणून सांगणे हे क्रूर आहे. १९९५ पासून देशभर सुरू असलेल्या शालेय आहार योजनेने दुपारच्या जेवणाची सोय केली. २०२२ साली तमिळनाडू सरकारने त्यापुढचे पाऊल टाकून प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळची न्याहारीही देण्यास सुरुवात केली. सकाळच्या शाळेतील शिक्षकांनी पहिल्या तासाला हळूच, चारचौघांत नव्हे, काय खाऊन आलास असे विचारले तरी बरेच काही कळेल. जेथे शक्य असेल तेथे शाळेच्या कपाटात भाजलेले शेंगदाणे, चणे आणि गुळाचा एक डबा ठेवावा. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत २८० उष्मांक आणि साडेबारा ग्रॅम प्रथिने असतात. न्याहारीची निम्मी ऊर्जा आणि सगळी प्रथिने एका मुठीत येतात!

करून पाहा

१. अर्धा ग्रॅम वजनाचा एक शेंगदाणा सुईवर टोचून पेटवा आणि त्याच्या ज्योतीवर ५० मिलिलिटर पाणी असलेली परीक्षानळी धरा. पाण्याचे तापमान किती वाढले? हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. शेंगदाण्याचे वावडे असलेल्यांनी दूर राहावे. सर्व उष्णता पाण्यात गेली असती तर तापमान सुमारे ५६ अंशांनी वाढले असते. प्रत्यक्षात ते बरेच कमी वाढेल. उरलेली उष्णता कोठे गेली?

२. ४५ किलो वजनाची मुलगी तीन मीटर उंचीचा एक मजला चढते. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर पाच ग्रॅमच्या एका बिस्किटावर ती किती मजले चढेल? (उत्तर: सुमारे १८.)

३. आठवडाभर आपल्या घरच्या न्याहारीतले कच्चे पदार्थ तोलून वरीलप्रमाणे कोष्टक करा. ६०० चा आकडा किती दिवस गाठला गेला? नाही गाठला, तर घरात आधीच असलेल्या कोणत्या एका पदार्थाने तो गाठता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या अंकात कोठेही छापलेले नाही. ते तुमच्या घरच्या स्वयंपाकघरातच शोधावे लागेल.